लहान बोरची रायफल आणि हरीण: गोळीचे नियम परदेशात काय, आपल्याकडे कायदा काय?

अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ आता गावोगावी मोबाईलवर दिसतात. शिकारी छोट्या रायफलीतून एक गोळी झाडतो आणि हरीण जागेवर बसतं. ते बघून पारावर दोन प्रश्न हमखास निघतात. एवढ्या बारीक गोळीने हरीण पडतं का? आणि पिकात घुसणाऱ्या हरणांवर आपल्याकडे तसं करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोळी कोणती यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. तरीही कुणी प्रयत्न केला तर बंदूक, गाडी आणि काही वर्षं, तिन्ही हातची जाऊ शकतात. दोन्हींची माहिती पुढे दिली आहे.

बोर आणि ग्रेन म्हणजे काय?

नळीचं आतलं माप म्हणजे बोर, त्यालाच कॅलिबर म्हणतात. .२२ म्हणजे एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, साधारण साडेपाच मिलिमीटर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो.

काडतूस आणि गोळी यांत फरक आहे. पितळी नळकांडं, बुडाला कॅप, आत दारू आणि टोकाला गोळी, असं सगळं मिळून काडतूस होतं. जनावराला लागते ती फक्त टोकाची गोळी.

नुसत्या बोरवरून ताकद कळत नाही. नळीतून निघताना गोळीची ऊर्जा साधारण अशी असते:

- .२२ लाँग रायफल: ४० ग्रेनची गोळी, सुमारे १८० ज्यूल. नेमबाजीच्या सरावात हीच वापरतात.
- .२२३ रेमिंग्टन: ५५ ग्रेनची गोळी, सुमारे १,७०० ज्यूल.
- .२४३ विंचेस्टर: १०० ग्रेनची गोळी, सुमारे २,६०० ज्यूल.

पहिल्या दोन गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच आहे, पण ताकदीत नऊपटीच्या आसपास फरक आहे. व्हिडिओमध्ये दिसते ती बहुतेक वेळा .२२३ असते. बघणाऱ्याला ती साधी 'टू-टू' वाटते आणि इथेच गैरसमज सुरू होतो.

हरणासाठी कोणती गोळी, कोणती नाही?

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे जाणकार शिकारी एकच गोष्ट बघतो: जनावर लगेच मेलं पाहिजे, जखमी होऊन पळता कामा नये. गोळी खांद्यामागे छातीत शिरून हृदय किंवा फुफ्फुसापर्यंत पोचली पाहिजे आणि आत गेल्यावर फुलली पाहिजे. मोठ्या बोरला थोडी चूक खपते. लहान बोरमध्ये गोळी हलकी असल्याने तिची बनावट फार महत्त्वाची ठरते.

- पूर्ण कवचाची गोळी: शिशावर टोकापर्यंत तांब्याचं कवच असतं. ती न फुलता आरपार जाते आणि बारीक भोक पाडते. जनावर पळतं आणि लांब कुठेतरी तडफडून मरतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकारीसाठी ही गोळी चालत नाही.
- पातळ कवचाची गोळी: कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी बनवलेली. हरणाच्या खांद्याच्या हाडावर आदळली की तिचे तुकडे होतात. वरवर मोठी जखम दिसते, आत मात्र गोळी पोचत नाही.
- सॉफ्ट पॉइंट: टोकाला शिसं उघडं असतं. मांसात शिरल्यावर टोक छत्रीसारखं उलगडतं. लहान बोरमध्ये जाड कवचाची आणि वजनदार सॉफ्ट पॉइंट घ्यावी लागते.
- जोड न सुटणारी गोळी: आतलं शिसं कवचाला घट्ट चिकटवलेलं असतं. काही गोळ्यांत मध्ये तांब्याची आडवी भिंत असते. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. अशी भिंतीची 'पार्टिशन' गोळी अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये विक्रीला आणली.
- अख्ख्या तांब्याची गोळी: हिच्यात शिसं नसतं. फुलूनही वजन जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून लहान बोरमध्ये ती भरवशाची मानतात.

तांब्याच्या गोळीला आणखी एक कारण आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. ते खाऊन कॅलिफोर्नियातल्या काँडोर जातीच्या गिधाडांना विषबाधा होत होती. म्हणून त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे.

नळीचे आटेही बघावे लागतात

रायफलीच्या नळीत आतून आटे असतात. त्यांमुळे गोळी गरगर फिरत जाते आणि सरळ राहते. जुन्या .२२३ रायफलींत १२ इंचांत एक फेरा असे आटे असत, त्यात ५५ ग्रेनची आखूड गोळी ठीक चालते. ७० ग्रेनच्या पुढची लांब गोळी त्यात डगमगते. तिला ८ किंवा ७ इंचांत एक फेरा लागतो. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते, तिलाही जलद आटे लागतात. म्हणजे दुकानातली चांगली गोळीसुद्धा प्रत्येक रायफलीत चांगली चालेलच असं नाही.

परदेशातले नियम किती कडक?

शिकारीला परवानगी असली म्हणून वाटेल ती बंदूक चालत नाही.

- इंग्लंड आणि वेल्स: १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफल किमान .२४० बोरची आणि ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल हवी. गोळी आत फुलणारीच हवी. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर या दोन लहान जातींसाठीच .२२० बोर आणि किमान ५० ग्रेनची गोळी चालते.
- अमेरिका, कोलोरॅडो: हरणासाठी किमान .२४ बोर आणि ७० ग्रेनची फुलणारी गोळी लागते.
- अमेरिका, टेक्सास: इथे .२२३ चालते, पण .२२ लाँग रायफलसारखं बुडाच्या कडेवर ठोका बसणारं काडतूस हरणासाठी चालत नाही.

थोडक्यात, आपल्याकडे ज्याला 'टू-टू' म्हणतात ती रायफल इंग्लंड, टेक्सास, कोलोरॅडो यांपैकी कुठेच हरणावर चालवता येत नाही. तिने हरीण मरतं कमी आणि जखमी जास्त होतं.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणि दंडाची रचना अशी आहे:

- काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार केल्यास किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास, शिवाय किमान २५,००० रुपये दंड.
- चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहे. ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीच शिकार अभयारण्यात केली तर शिक्षा ३ ते ७ वर्षांची होते.

कायद्यात 'शिकार' या शब्दात फास लावणं, विष घालणं, जनावर हाकत नेणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हे सगळं येतं. नेम चुकला म्हणून माणूस सुटत नाही. गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि गाडी सरकारजमा होते. गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि मग पाच वर्षं नवा मिळत नाही.

'टू-टू'चा परवाना कशासाठी असतो?

शस्त्र कायदा १९५९ मध्ये .२२ रायफलीच्या परवान्याची तरतूद रायफल क्लब किंवा संघटनेच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी आहे. पीक संरक्षणासाठी कायद्यात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर आटे नसलेली दुसरी बंदूक, जसं बारा बोर, मंजूर करता येते. पण पीक संरक्षणाची बंदूक हातात आहे म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली, असं होत नाही. ती परवानगी वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

पिकाचं नुकसान होत असेल तर काय करावं?

रेहेकुरी, नान्नज या भागात काळवीट, विदर्भात चितळ आणि रोही उभं पीक खातात, ही तक्रार खरी आहे. रात्र-रात्र जागूनही हरभरा हाती लागत नाही तेव्हा शेतकऱ्याचा संताप होणारच. त्यासाठी हे मार्ग आहेत:

१. नुकसानीचा अर्ज ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुक आणि शेताचे फोटो जोडावेत.

२. अर्जाची पोच जरूर घ्यावी. पंचनामा होईपर्यंत खाल्लेलं पीक काढू नये, वखर घालू नये.

३. भरपाई हरीण, रोही, रानडुक्कर, रानगवा, माकड यांनी केलेल्या नुकसानीला मिळते.

४. रोही आणि रानडुक्कर फारच त्रास देत असतील तर पारधीच्या परवानगीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो. काळवीट आणि चिंकाऱ्याला मात्र पिकाच्या कारणावरून मारायची परवानगी कायद्यातच नाही.

५. सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनविभागात करावी. कुंपणात थेट लाईनची वीज सोडू नये. त्यात जनावर मेलं तर शिकारीचा गुन्हा लागतो, माणूस मेला तर त्याहून मोठा.

वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही, मग तिने ससा किंवा पाडस मारलं तर?*
काही एअरगनना परवान्यातून सूट आहे, शिकारीतून नाही. गुन्हा तोच लागतो.

*कुणी हरणाचं मटण आणून दिलं आणि घरात सापडलं तर?*
मटण जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. आपण मारलं नाही, एवढं सांगून भागत नाही.

*परवानगीने मारलेलं रानडुक्कर घरी नेता येतं का?*
मारलेलं जनावर ही सरकारी मालमत्ता असते. लगेच वनविभागाला कळवावं आणि त्यांच्या ताब्यात द्यावं.

*रानडुक्कर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर?*
स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेला वार गुन्हा धरत नाहीत. पण तो माणूस त्या वेळी शिकारीसारखा दुसरा गुन्हा करत असेल तर ही सवलत मिळत नाही.

*शेतात जखमी हरीण दिसलं तर?*
जवळ जाऊ नये, कुत्री आवरावीत आणि १९२६ वर फोन करावा.