माणूस आणि त्याची जात

परवा नातवाने सहज विचारलं, "आजोबा, मराठी माणसाला धंदा का जमत नाही?" मी गप्पच झालो. कारण हेच मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलो होतो. पारशी दानशूर, गुजराती हिशेबी आणि मराठी माणूस नोकरीचा! मुलं हसायची, मलाही बरं वाटायचं.

मग जुनी पुस्तकं काढून बसलो.

जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मॅनेजर नेमले बेझनजी मेहता. तेही पारशी, पण रेल्वेतले. कापडाचा अनुभव नाही. याच गिरणीत १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. पारशी मालकांच्या गिरण्या मुंबईतही होत्या, पण हे पाऊल सगळ्यांनी काही उचललं नाही.

अहमदाबादची गोष्ट तर एकाच घरातली. १९१८ च्या लढ्यात अंबालाल साराभाई गिरणीमालकांचे पुढारी, तर त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभी. मालक २० टक्के वाढ देत होते, कामगार ३५ टक्क्यांवर ठाम होते. गांधीजींनी उपोषण केलं, प्रकरण लवादाकडे गेलं आणि शेवटी ३५ टक्के मिळाले. जात एक, घर एक, आणि न्यायाची कल्पना मात्र वेगळी!

आणि आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर? ते मुंबईत तंत्रशाळेत शिक्षक होते. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे राखणीला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली! कोणत्या जातीच्या स्वभावात बसवायचं हे?

जातीमुळे भांडवल मिळतं, ओळखी मिळतात, उधारीवर विश्वास मिळतो, हे खरंच आहे. धंद्यात कोण पुढे गेलं, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. पण चार माणसं हाताखाली आल्यावर तो त्यांच्याशी कसा वागेल, हे आडनावावरून सांगता येत नाही.

नातवाला हे सगळं सांगितलं. पण वर्गातली ती मुलं आज पन्नाशीत आहेत. काहीजण स्वतः मॅनेजर झालेत, माणसं निवडतात. मुलाखतीला बसलेल्याचं आडनाव वाचताना त्यांना माझं ते वाक्य आठवत असेल का?

आठवत असेल तर बाळांनो, ते खोडून टाका. सर चुकले होते.