केडगावची मुक्ती



मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभेत. तेव्हा पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीवर मी बोलावे, यात थोडे धाडस आहे हे मी जाणतो. शिवाय मी ख्रिस्ती नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे.

रावेतला आमच्या शेजारचा एक कामगार कारखान्याला टाळे लागल्यावर घरी बसला. संघटनेने भांडून त्याच्या हिशेबाचे पैसे मिळवून दिले. वर्षभराने तो मला म्हणाला, "भाऊ, पैसे मिळाले, पण सकाळी उठायचं कशासाठी, ते तेवढं राहून गेलं." हे कलम आमच्या कोणत्याही मागणीपत्रात नव्हते. ज्याला समाजाने हिशेबातून काढून टाकले त्याच्या अंगी जगण्याची उमेद पुन्हा येते कोठून? या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर, केडगावला, उभे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि लोकांचा रोष पत्करून गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. पुढे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आई, वडील आणि बहीण थोड्याथोडक्या महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी या मुलीला 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८० साली भाऊ वारला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, पदरात तान्ही मनोरमा घेऊन ही बाई विधवा झाली.

विद्वत्तेला टाळ्या पुष्कळ मिळाल्या. मनाला आधार मात्र मिळाला नव्हता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे ममतेने वागवीत. आपल्याकडे अशा स्त्रीला प्रायश्चित्तावाचून दुसरी वाट नाही, असे शास्त्र लहानपणापासून पाठ केलेल्या रमाबाई थक्क झाल्या. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या, लोकांनी टाकलेल्या त्या बाईशी येशू बरोबरीने बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून बाईंची बाजू घेतली, हे आम्हां चळवळीतल्या लोकांना विसरता येत नाही. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पुढे बाईंनीच लिहून ठेवले आहे की आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो पुष्कळ वर्षांनी. आपल्या श्रद्धेचा असा उघड हिशेब देणारी माणसे थोडी.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. (त्याच १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला, त्यामागे आमच्या कामगार चळवळीचे आद्यपुरुष नारायण मेघाजी लोखंडे होते. संपाचा असा उपयोग आम्हांला पुन्हा सुचला नाही.) सदनाचे पुढे १८९३ साली मोठे भांडण झाले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन मोडले, मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते, असा आरोप आला. 'केसरी'ने झोड उठविली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे असे की मी कोणास प्रार्थनेला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीचे दारही लावून घेणार नाही.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. मदत मागायला आलेल्याला आम्ही 'आधी सभासद हो' असे म्हणत नाही. पण कचेरीत भिंतीवर झेंडा असतोच. आश्रयाला आलेल्या पोरवयाच्या मुलीला त्या झेंड्याचा भार वाटत नसेल, असे मी म्हणणार नाही. टीकाकारांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी दुसरे दार उघडले, हेही मात्र विचारले पाहिजे. ते उघडले धोंडो केशव कर्वे यांनी, १८९६ साली. आणि त्यांची पत्नी गोदूबाई ही शारदा सदनाच्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने आपले घर बुडालेले त्यांनी पाहिले होते. त्यांना कोणी अहवाल वाचून दाखविण्याची गरज नव्हती. सुमारे तीनशे मुली व बायका त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर, सुमारे शंभर एकरांत, 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. वाट चुकलेल्यांसाठी 'कृपा सदन' निघाले, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची लिपी मनोरमाबाईंनी शिकविली. आणि तेथे नुसता शिधा वाटला जात नव्हता. विहिरी खणल्या, शेती झाली, माग चालले, तेलाचा घाणा फिरला, छापखाना निघाला. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करीत. ते मला उमगत नाही, म्हणून त्यावर मी बोलत नाही. मागावर बसलेली बाई मला उमगते.

शेवटची बरीच वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत, साध्या बाईला वाचता येईल असे आणण्यात घातली. ते छापण्याचे काम मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्याच बायकामुलींच्या हातांनी झाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

माझ्या त्या शेजाऱ्याला मी मागच्या वर्षी केडगावला घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला होता. उरुळी गेल्यावर त्याने विचारले, "भाऊ, त्या पोरी खिळे जुळवायला किती दिवसांत शिकत असतील हो?"