पस्तीस बाळंतपणं

सवाष्णीला ‘दिवस गेले’ की घर आनंदतं. तिचे डोहाळे पुरवले जातात, ओटी भरली जाते. विधवेच्या बाबतीत मात्र भाषाच बदलते: तिचं ‘पाऊल वाकडं पडलं’. लक्षणं तीच असतात, चुकलेली पाळी, मळमळ, आंबट खावंसं वाटणं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याविषयी वाचताना मला हा फरक सारखा जाणवतो.

तेव्हाच्या ब्राह्मण घरात पाळी ही खासगी गोष्ट नव्हती. बाई ‘बाहेर बसली’ की सगळ्यांना कळे. म्हणजेच ती बसली नाही, हेही कळत असणार. पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी कुजबुज सुरू होत असेल. त्यामुळे मला वाटतं, लक्षणं ओळखता येत नव्हती ही खरी अडचण नव्हतीच. ओळखल्यावर सांगायचं कुणाला, ही होती.

काशीबाईला असं कुणी नव्हतं. जोतीराव फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाक करणारी ही तरुण ब्राह्मण विधवा. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस राहिले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले. बाळ जन्मलं, तेव्हा अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारून विहिरीत टाकलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

त्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. साल साधारण १८६३ मानलं जातं. ब्राह्मण वस्तीत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या गेल्या: विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे त्यांनीच ठरवावं.

१८८४मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला. तोवर तिथे ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ हयात होती. ३० दगावली होती. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली, असं कारण त्यांनी दिलं.

हा हिशेब मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तीस मृत्यू म्हणजे गृहाचं अपयश, असं मला वाटत नाही. पाळी चुकल्यापासून फुल्यांच्या दारापर्यंत पोचायला बाईला किती महिने लागत आणि तेवढ्यात ती काय काय करून बसलेली असे, हे त्यातून कळतं. दार उघडं होतं. पण तिथे जायचं म्हणजे आधी ‘हो, मला दिवस गेलेत’ हे स्वतःशी आणि मग दुसऱ्या कुणाशी तरी कबूल करणं आलं.

१८७४मध्ये याच गृहातलं एका ब्राह्मण विधवेचं मूल फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रोग्यांची शुश्रूषा करत होता. वाचलेल्या पाचांविषयी बोलताना आपण त्याचं नाव घेतो. ते घ्यावंच, पण जोतीरावांनी तीसही मोजले होते, हे विसरू नये.