उन्हातून काढलेला बर्फ

1878 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सूर्याकडे रोखलेल्या एका भल्यामोठ्या आरशाच्या जोरावर चक्क बर्फ तयार करून दाखवला. उन्हात बर्फ वितळतो एवढेच ठाऊक असलेल्या बघ्यांना तो गारुड्याचा खेळ वाटला असल्यास नवल नाही. प्रयोगात लपवाछपवी मात्र काहीच नव्हती.

मूशोचे यंत्र उसन्या युक्तीवर चाले. ती युक्ती फेर्दिनां कारे या फ्रेंच संशोधकाने 1859च्या सुमारास शोधली होती. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. ते द्रावण तापवले की अमोनियाची वाफ बाहेर पडते. दाबाखाली निववून तिचा द्रव करायचा आणि मग दाब उतरवून त्याला पुन्हा उडू द्यायचे. उडताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठ झिरपतो आणि पाणी गार होते, त्यामागेही हेच तत्त्व. उडालेला अमोनिया पाण्यात परत शोषला गेला की चक्र पुन्हा सुरू. यात लागते ती फक्त आच, मग ती कोळशाची असो वा उन्हाची. गारवा मिळवायला उष्णताच खर्ची घालायची, ही यातली गंमत.

मूशोच्या प्रदर्शनाच्याच वर्षी, 1878 मध्ये, मुंबईत विल्यम अ‍ॅडम्सचे सूर्याच्या उष्णतेवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. उष्ण देशांत जळणाऐवजी ऊन वापरता येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. अ‍ॅडम्स हा मुंबई हायकोर्टातला डेप्युटी रजिस्ट्रार, म्हणजे पेशाने कागदपत्रांचा माणूस. मूशोचा वाडग्यासारखा धातूचा आरसा फार मोठा करता येत नाही, शिवाय त्याची चकाकी टिकत नाही, हे त्याने हेरले. त्याने काचेचे लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांचा कवडसा एका बॉयलरवर पाडला आणि कुलाब्यातल्या बंगल्याच्या आवारात त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. आजच्या सौर वीजकेंद्रांतल्या मनोऱ्यांची मांडणी हीच आहे. त्याच्या सूर्यचुलीवर ऐन जानेवारीत सात सैनिकांचा शिधा दोन तासांत शिजला.

ज्या मुंबईसाठी 1830च्या दशकापासून अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने येत असे, त्याच मुंबईत हे चालले होते. कारेचे यंत्र, मूशोचा बर्फ आणि अ‍ॅडम्सचे आरसे एकत्र आणण्यासाठी याहून योग्य शहर सापडणे कठीण होते. (पावसाळ्याचे चार महिने अर्थातच सोडून.) पण तसे घडले नाही.

दोष विज्ञानाचा नव्हता. फ्रान्समध्ये रेल्वेमुळे आणि इंग्लंडशी झालेल्या व्यापारी करारामुळे कोळसा स्वस्त झाला होता, त्यामुळे सूर्ययंत्र परवडणारे नाही असा निष्कर्ष सरकारने काढला. मूशो पुन्हा शिकवण्याकडे वळला आणि 1912 मध्ये गरिबीत वारला. त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने 1882 मध्ये पॅरिसच्या एका बागेत सूर्याच्या वाफेवर छापखाना चालवला. कौतुक झाले, ग्राहक मिळाले नाहीत. पुढे विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने इमारती गार करण्याचा बहुतेक धंदा ताब्यात घेतला.

ही वाट पुन्हा उघडली ती वोल्फगांग शेफ्लर या संशोधकाच्या, सूर्यामागे फिरणाऱ्या आरशांच्या तबकड्यांनी. शिर्डीच्या साई प्रसादालयात 2009 पासून अशा 73 तबकड्यांच्या वाफेवर भाविकांचे जेवण शिजू लागले. वडोदऱ्याजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमात याच जातीच्या तबकड्यांची वाफ रुग्णालयाच्या वातानुकूलनासाठी वापरली गेली. पॅरिसच्या प्रयोगाला तेव्हा सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

तोवर नवा प्रतिस्पर्धी दाराशी आला होता. सौर पॅनेल इतकी स्वस्त झाली, की छतावर वीज तयार करून तिच्यावर साधा एसी चालवणे सोपे पडू लागले. तबकड्या सूर्यामागे फिरवा, आरसे पुसा, नळ्यांची गळती बघा, हा व्याप कोण करणार? कारेच्या यंत्रासारखी शोषणावर चालणारी शीतयंत्रे मात्र संपलेली नाहीत. पुण्याची थरमॅक्स कंपनी ती आजही बनवते. त्यांना आच मिळते ती मुख्यतः कारखान्यांच्या वाया जाणाऱ्या वाफेतून आणि धुरातून. उन्हावर चालणारी त्यांत थोडीच.