एका मृत्युपत्राचा अन्वयार्थ

मृत्युपत्रातील एखादे वाक्य संदिग्ध राहिले म्हणजे नांदते घर कसे मोडते, हे आम्हां वकिलांस नित्य पाहावे लागते. तशाच एका वाक्यापायी एक राज्य वीस वर्षे होरपळल्याचे उदाहरण मॉस्कोच्या इतिहासात आहे.

रशियातील जुन्या राजकुळांत गादी पुष्कळदा बापाकडून मुलाकडे न जाता थोरल्या भावाकडून धाकट्याकडे जाई. भावांची पिढी सरली की थोरल्याच्या मुलांची पाळी येई. मॉस्कोच्या घराण्यात बापामागून मुलगा हा प्रघात रुळू लागला होता. पण जुना नियम कोणी रद्द केला नव्हता. अशा वेळी, १३८९ साली, द्मित्री दोन्स्कॉय याने मृत्युपत्र केले. थोरला मुलगा वसिली यास राज्य देऊन पुढे लिहिले, की तो मरण पावल्यास त्याचा वाटा पाठच्या भावास जावा. वसिली तेव्हा अविवाहित होता. ‘निपुत्रिक मेल्यास’ असाच बापाचा आशय असावा. पण ते शब्द कागदावर उतरले नाहीत.

१४२५ मध्ये वसिली वारला. मागे दहा वर्षांचा मुलगा राहिला. त्याचेही नाव वसिलीच. पाठचा भाऊ यूरी याने जुना कुलाचार व बापाचे मृत्युपत्र पुढे करून हक्क सांगितला. बालराजाचा मातामह, लिथुआनियाचा अधिपती वितौतास, १४३० मध्ये निवर्तेपर्यंत हा दावा दबून होता. १४३२ मध्ये काका-पुतणे निवाड्यासाठी तार्तर खान उलुघ महंमद याच्यापुढे उभे राहिले. पुतण्याचा सरदार व्सेवोलोझ्स्की याने युक्तिवाद केला, की यूरी मृताच्या कागदावर राज्य मागतो, आमचा धनी खानाच्या कृपेवर. सनद पुतण्यास मिळाली. युक्तिवाद मोठा धूर्त. पण त्या वाक्याचा अर्थ अनिर्णीतच राहिला.

मग शस्त्रे निघाली. यूरीने १४३३ मध्ये व पुन्हा १४३४ मध्ये मॉस्को घेतले आणि तेथेच तो वारला. त्याचा थोरला मुलगा वसिली कोसॉय याने लगोलग स्वतःस राजा म्हणविले. वास्तविक बाप ज्या नियमासाठी लढला, त्या नियमाने आता गादी थोरल्या पातीच्या त्या पुतण्याकडेच येत होती. मुलाने मात्र ती ‘बापाचा मुलगा’ म्हणून मागितली! सख्ख्या भावांनीही त्यास मानले नाही. १४३६ मध्ये मॉस्कोच्या वसिलीने त्याच्या डोळ्यावर शस्त्र चालविले. १४४६ मध्ये कोसॉयचा भाऊ शेम्याका याने वसिलीस आंधळे केले.

अंध वसिली १४४७ मध्ये गादीवर परतला. अनुभवाने शहाणा होऊन त्याने हयातीतच आपला मुलगा इवान यास सहराजा केले, आणि १४६२ मध्ये इवान तंट्यावाचून गादीवर बसला.

बापामागून मुलगा हा नियम असा रूढ झाला. तो ना मृत्युपत्राने ठरला, ना न्यायसभेत. त्याची किंमत दोन चुलतभावांनी डोळ्यांनी चुकती केली. द्मित्रीने दोन शब्द अधिक लिहिले असते, तर यूरीची महत्त्वाकांक्षा कदाचित शमली नसती. पण तिला कायद्याचे पांघरूण तरी मिळाले नसते. मृत्युपत्र करणाऱ्या प्रत्येक कुलपुरुषाने एवढे ध्यानी धरावे, असे आम्हांस वाटते.