उंच गाडी, ठेंगणा आस
जुन्या पिकअपला उंच स्प्रिंगा बसवल्या की ती दगडांवरून सहज जाईल, असे आपल्याला वाटते. पण उचलले जाते ते धड. आसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायला चाके मोठी केली, तर ती फिरवायला टॉर्क, म्हणजे पीळ, जास्त लागतो आणि जुने दांडे तुटतात.

जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिख यांच्या युनिमॉगने (पहिला नमुना १९४६) आस चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवला व चाकाजवळ दंतचक्रे बसवली. लहान चक्र मोठ्याला फिरवते. पीळ तिथेच वाढतो, दांड्यावरचा ताण घटतो. युक्ती जुनीच, फोक्सवागनच्या १९४० च्या लष्करी क्यूबेलवागनच्या मागच्या चाकांत ती होती. युनिमॉग मात्र शेतासाठी होता: डावी-उजवी चाके १२७० मिलिमीटर अंतरावर, बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने! आज जुन्या पिकअपच्या आसांनाही अशा दंतचक्रांच्या पेट्या जोडतात.