आधी शोध, मग टाक

कर्वेनगरातल्या आमच्या घरी घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. म्हणजे गोधड्या, चादरी, पडदे धुऊन गच्चीत जातात, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने उजळतात, बांबूला फडकं बांधून कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं उतरतात. पावसाळाभर घरात मुरलेली ओल आणि बुरशी भाद्रपद-आश्विनाच्या उन्हातच जाते, म्हणून हा मुहूर्त. गेल्या वर्षी कपाट सरकवून मागचा केर मी सुपलीत भरला आणि टाकायला निघाले, तर आई म्हणाली, "थांब, तसाच टाकू नकोस. आधी शोध." पेपर पसरून केर ओतला, बोटांनी चिवडला. धुळीचे गोळे, केस, बटण, आणि त्यात तिच्या कुडीची सोन्याची फिरकी, मुगाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांपूर्वी हरवलेली.

ते "आधी शोध" डोक्यात राहिलं असतानाच संस्कृतातल्या अमरकोशात एक शब्द समोर आला आणि मी उडालेच. अमरसिंहाने झाडूला दोन नावं दिली आहेत: संमार्जनी आणि शोधनी. पहिलं आपल्या सडासंमार्जनात आजही आहे. (मार्जार, म्हणजे आपलं मांजर, त्याच धातूतलं: सतत स्वतःला चाटून पुसून काढणारं.) पण शोधनी कुठे गेली? माझं उत्तर असं, की ती कुठेही गेली नाही. दाराआड उभी आहे. केरसुणी या शब्दातलं शेपूट ‘सुणी’ म्हणजेच शोधनी.

वाट सोपी आहे. दोन स्वरांमधला ध प्राकृतात ह होतो: दधीचं दही झालं, वधूची वहू झाली. तशी शोधनीची सोहणी. पुढे केर चिकटला, जोडशब्दाच्या शेवटी आवाज आखडला आणि सोहणीची सुणी झाली. उत्तरेत भोजपुरी बोलणारे शेतकरी खुरपणीला अजून सोहनी म्हणतात. तिथे ती शेतातलं तण काढते, इथे घरातला केर.

याला एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो ऐकायला गोड आहे: केर शून्य करते ती केरशून्या, म्हणून केरसुणी. मला ही व्युत्पत्ती अजिबात मान्य नाही, आणि कारण एका अक्षरात आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा न मराठीत ण होतो. पानीयाचं पाणी झालं. पण प्राकृतात ज्याचं द्वित्त झालं, तो मराठीत न म्हणून उतरतो: कर्णाचा कण्ण आणि मग कान, पर्णाचं पण्ण आणि मग पान. शून्याचंही तसंच: सुण्ण, आणि मग आपलं सुनंसुनं. शून्यातून आली असती तर ती केरसुनी झाली असती. आपण केरसुणी म्हणतो. तो ण शोधनीचा आहे.

आता केर. इथे मला मोह झाला होता हे कबूल करते. अमरकोशात झाडून टाकलेल्या कचऱ्यालाही नाव आहे, अवकर. अवकर आणि शोधनी, दोन्ही तुकडे एकाच पानावरचे, किती सुरेख जुळलं असतं! पण अवकरातल्या अवचा ओ व्हायला हवा, जसं लवणाचं लोण झालं. मग ओकारातून केर काढायचा कसा? त्यापेक्षा पालीतला कचवर बरा. त्याचाही अर्थ झाडलेला कचरा. प्राकृतात त्याचा कयवर, कयार होतो आणि मराठीत केर, अगदी कदलीची कयली आणि कयलीची केळ झाली तसा. हिंदीतल्या ‘कूडा-कतवार’मधल्या कतवारचाही अर्थ कचराच.

पण आवाज जुळले म्हणजे झालं असं नाही. झाडणं आणि शोधणं यांचा संबंध काय? शुध् म्हणजे शुद्ध करणं. आयुर्वेदात पाऱ्याचं शोधन होतं, संस्कृतात ऋणाचंही होतं. नको ते काढत गेलं की हवं ते हाती लागतं, आणि मराठीने या कामाचं दुसरं टोक धरलं. हे काम डोळ्यांनी पाहायचं तर सराफ बाजारातले झारेकरी आठवावेत. सोनारांच्या दुकानातला आणि दुकानासमोरचा केर ते गोळा करतात, पाण्याने धुतात, माती वाहून जाते आणि तळाशी सोन्याचे कण उरतात. तिथे झाडणं कुठे संपतं आणि शोधणं कुठे सुरू होतं?

दिवेलागणीनंतर केर काढू नये, काढलाच तर बाहेर टाकू नये, ही शिस्तही मला इथलीच वाटते. तेलाच्या दिव्याच्या उजेडात जोडवं किंवा मणी दिसायचा नाही. केर सकाळपर्यंत कोपऱ्यात ठेवायचा, उन्हात शोधायचा, मग टाकायचा. आणि लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांची नवी केरसुणी आणून तिला लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतात, ते ती अलक्ष्मीला हाकलते म्हणून, असं सगळे सांगतात. ते खरं असेलही. पण नुसतं हाकलणारीला कोणी लक्ष्मी म्हणत नाही. ती हरवलेलं परत देते, म्हणून लक्ष्मी.

कोकणात तिला वाढवण म्हणतात. कमी करणारीला वाढवण! बांगडी फुटली की वाढवली म्हणायचं, नारळ फोडायचा तो वाढवायचा, त्याच रीतीचं हे नाव. विदर्भातला फडा, अंगणातला खराटा, ईशान्येकडून येणारा फूलझाडू, यांची कुळं वेगळी.

नाव झाकलं गेलं तरी पुसलं जात नाही. आमच्या कर्वेनगराचं मूळ नाव हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १९०० साली इथल्या माळावर झोपडी बांधून आश्रम आणला आणि पुढे गावाने त्यांचं नाव घेतलं. जुनी माणसं अजून हिंगणेच म्हणतात. शोधनी अशीच केरसुणीत राहिली आहे.

केरातलं शोधणंही संपलेलं नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. केरातून जे शोधायचं, तेच नावात. आमच्या गल्लीत रोज सकाळी गाडी घेऊन ताई येतात. बादली उलटी करताना त्यांचा हात सवयीने सालींतून फिरतो. परवा त्यांनी दुधीच्या सालींतून आमचा स्टीलचा चमचा काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "वहिनी, हा तुमचाच ना?"